पातळ ब्रॅकेटच्या चारही कडा मिल करायच्या आहेत, फिक्स्चर (तुकडा धरून ठेवणारी बैठक) कसं करावं?

प्रश्न

हॉबी मिलवर ६ मिमी जाड अॅल्युमिनियमचे वीस एकसारखे ब्रॅकेट काढायचे आहेत. कच्चा तुकडा ६४ × ४४, तयार माप ६० × ४०. लांबीच्या मध्यरेषेवर ८ मिमीची दोन भोकं, सेंटर ते सेंटर ३६. व्हाइसमध्ये आवळलं की तुकडा मध्ये फुगतो आणि बाजू फिरवली की दर वेळी नव्याने शून्य घ्यावं लागतं. वरून क्लॅम्प लावला तर तो कटच्या वाटेत येतो. पिना कुठे द्याव्यात आणि जॉब (म्हणजे हा तुकडा) धरावा कशाने?

उत्तर १

कडेला हातच लावू नका. भोकं आधी करून घ्या आणि जॉब त्या भोकांतूनच धरा. म्हणजे चारही कडा एकाच सेटिंगमध्ये मोकळ्या मिळतात.

१०० × ७५ × २० ची अॅल्युमिनियम प्लेट व्हाइसमध्ये पॅरललवर (समान उंचीच्या आधारपट्ट्यांवर) पक्की बसवा. माथ्यावर हलका फेसिंग कट (पृष्ठभाग सपाट करणारा) घ्या. हा कट प्लेट मशीनवर बसल्यानंतरच घ्यायचा, तरच माथा टेबलाच्या चालीला समांतर येतो. मग भोवतालचं २ मिमी खाली उतरवून मध्ये ५६ × ३६ चा उंचवटा ठेवा. तयार जॉब त्याच्या चारही बाजूंनी २ मिमी बाहेर राहील. कटर जॉबच्या ०.५ मिमी खाली गेला तरी प्लेटला लागत नाही, बरला (कडेला उरणाऱ्या धातूच्या काट्याला) जागा मिळते आणि चिप (धातूचा कीस) खाली पडते.

उंचवट्यावर ३६ च्या अंतराने ८ मिमीची दोन भोकं, ८ मिमी खोल रीम करा (रीमरने नेमक्या मापाला आणा). त्यांच्या तळातून ४.२ चं ड्रिल आरपार घालून एम५ टॅप मारा (५ मिमीच्या बोल्टसाठी आटे पाडा). आता स्टीलचे दोन बुश (पिनांचं काम करणाऱ्या पोकळ नळ्या) करा: बाहेरून ७.९८, आतून ५.३, लांबी १२. ते रिटेनिंग कंपाउंडने (भाग जागी पक्का धरणाऱ्या चिकट द्रवाने) बसवा. वर ४ मिमी दिसले पाहिजेत, त्याहून जास्त नकोत. बुश ६ मिमीच्या वर आला तर वॉशर जॉबऐवजी बुशवर टेकतो. हाताला बोल्ट घट्ट लागतो आणि जॉब मात्र सैल असतो.

बोल्ट एम५ × २५ अॅलन (डोक्यात षटकोनी खाच असलेला), खाली १५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाड वॉशर. साधा एम५ वॉशर १० मिमीचा असतो. ८ च्या भोकाभोवती तो जेमतेम १ मिमी पकडतो, तो नको.

प्रश्नकर्ता

वीसही तुकड्यांत ३६ चं अंतर तंतोतंत येणार नाही, ०.१ चा फरक पडेल. मग दुसरा बुश अडणार नाही का?

उत्तर २

अडणारच. म्हणून एकच बुश पूर्ण गोल ठेवायचा. दुसऱ्याच्या दोन बाजू ०.३ – ०.३ ने घासून चपट्या करा. कोणत्या दोन, तर दोन्ही भोकांना जोडणाऱ्या रेषेवरच्या: एक पहिल्या बुशकडची, दुसरी तिच्या नेमकी समोरची. आडव्या बाजूंना हात लावू नका, जॉबला फिरू न देण्याचं काम त्याच करतात. घासताना चूक होते ती इथेच. दिशा ९० अंशांनी चुकली तर बुश अडतोही आणि जॉब डुलतोही. कंपाउंड ओलं असतानाच एक चांगला तुकडा घालून बुशची दिशा जुळवून घ्या.

प्लेटचं एकेक भोक टेबल न हलवता पूर्ण करा: सेंटर ड्रिल, ७.८ ड्रिल, मग रीमर, कमी स्पीडवर आणि तेल लावून. दुसऱ्या भोकाकडे जाताना हँडल एकाच दिशेने फिरवत पोचा. पुढे गेलात तर नुसतं मागे येऊ नका, पूर्ण एक फेरी मागे जाऊन पुन्हा या. नाहीतर बॅकलॅश (स्क्रूची ढिलाई) तुमच्या ३६ मध्ये शिरतो.

उत्तर १

कटर किती बाहेर काढायचा तेही आधी मोजा. टोकापासून वर ०.५ + जॉब ६ + वॉशर २ + बोल्टचं डोकं ५ मिळून १३.५ होतात. ८ च्या कटरने आखूड कड मारताना स्पिंडलचं सेंटर बोल्टच्या सेंटरपासून फक्त १६ मिमीवर येतं. कटर धरणाऱ्या ईआर२० कॉलेटचा नट ३४ व्यासाचा, म्हणजे १७ त्रिज्येचा. कटर कमी बाहेर असेल तर नट सरळ बोल्टच्या डोक्यावर आदळेल. १७–१८ बाहेर ठेवा. त्याहून लांब काढला तर कटर थरथरतो आणि कडेवर लाटा उमटतात.

खोली २–२ मिमीने घ्या, बाजूला ०.२ राखा आणि शेवटी पूर्ण खोलीत एकच फिनिश कट मारा. स्क्रूला ढिलाई असलेल्या मशीनवर क्लाइंब मिलिंग (कटरचे दात टेबल सरकतं त्याच दिशेने कापतात ते) टाळा, कटर टेबल ओढून घेतो.

प्रत्येक तुकडा घालण्याआधी भोकांच्या खालच्या तोंडाचा बर काढा आणि उंचवटा ब्रशने झाडा. बुशच्या मुळाशी अडकलेली एक चिप जॉब तिरका बसवायला पुरते. तिथे, प्लेटच्या भोकाच्या तोंडाला, १ मिमी खोल, रुंदसर चॅम्फर (तिरकी कड) दिला की चिप त्यात बसते आणि जॉब माथ्यावर टेकतो.