स्टर्लिंग हेडन : दोन ओळींत निकाल लावू नका

जुनी रीळ

'गॉडफादर'च्या धाग्यावर कॅप्टन मॅक्लस्कीचा, म्हणजे त्यातल्या भ्रष्ट पोलीस अधिकाऱ्याचा विषय निघाला तेव्हा मुळशीकरांनी ती भूमिका करणाऱ्या अमेरिकी नट स्टर्लिंग हेडनचा दोन ओळींत निकाल लावला. सहा फूट पाच इंचांचा ठोकळा, आणि वर ओळखीच्यांची नावं सरकारला देणारा चुगलखोर, त्याच्यावर शब्द कशाला वाया घालवायचे? तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ धागा भरकटला असता. पण मनातून जाईना, म्हणून इथे लिहितोय.

चुगलखोरीचं आधी. १० एप्रिल १९५१ ला हॉलीवूडमधले कम्युनिस्ट हुडकणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे हेडनने साक्ष दिली. नावं द्यायला नकार देणाऱ्यांची कामं तेव्हा बंद व्हायची. १९४६ मध्ये काही महिने आपण कम्युनिस्ट पक्षात होतो हे कबूल केलं आणि नावं दिली. त्यात एकेकाळी ज्या बाईशी त्याचे जवळचे संबंध होते तिचंही नाव होतं. हे सगळं खरं. पण मनातला सगळा चिखल ढवळून हे लिहिलं कुणी? त्यानेच. 'वाँडरर' हे त्याचं १९६३ चं आत्मचरित्र वाचा. साक्ष देऊन बारा वर्षं झाली होती, कामं मिळत होती, जाब विचारायला कुणी दारात उभं नव्हतं. तरी या माणसाने त्या दिवसापासून आपल्याला स्वतःची किळस येते असं छापून ठेवलं. दिग्दर्शक एलिया कझानने १९५२ मध्ये नावं दिली आणि लगेच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन स्वतःचं समर्थन केलं. हे दोघे एकाच रांगेत बसतात का?

आणि तो कम्युनिस्ट झाला तो पुस्तकं वाचून नाही. युद्धात नाव बदलून, जॉन हॅमिल्टन या नावाने, तो ओएसएस या अमेरिकी गुप्तचर संघटनेसाठी इटलीच्या किनाऱ्यावरून एड्रिआटिक समुद्र ओलांडून युगोस्लाव्हियात टिटोच्या पार्टिझनांना, म्हणजे नाझींशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांना रसद पोचवत होता. सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळालं होतं त्याला. त्या लोकांना लढताना बघून तो भारावला. अशा माणसाने समितीपुढे मान तुकवावी याचंच मला दुःख होतं. तुम्ही मात्र 'चुगलखोर' म्हणून मोकळे होता.

मुळशीकर

माझ्या दोन ओळींना एवढं उत्तर आलं म्हणजे कुठेतरी लागलंय. पश्चात्ताप मलाही ठाऊक आहे साहेब, पण हिशेब बघा. साक्ष १९५१ ला. त्याचे चित्रपट, 'जॉनी गिटार' १९५४, 'द किलिंग' १९५६. कामं थांबली का त्याची?

त्याच महिन्यात नट जॉन गारफिल्ड त्याच समितीपुढे उभा राहिला. त्याने एकही नाव दिलं नाही. कामं आटली आणि पुढच्या मे महिन्यात ३९ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. हेडनच्या साक्षीच्याच महिन्यात दिग्दर्शक एब्राहम पोलोन्स्कीही समितीपुढे गप्प राहिले. १९४८ च्या 'फोर्स ऑफ ईव्हिल'नंतर त्यांच्या दिग्दर्शनाखालचा पुढचा चित्रपट यायला १९६९ उजाडलं. एकवीस वर्षं! हेडनने त्या काळात पुस्तक लिहून मन मोकळं केलं. गारफिल्डला आत्मचरित्र लिहायला आयुष्यच उरलं नाही.

निळकंठ

मुळशीकर, +१. पण मला त्यात एक भेद करावासा वाटतो.

आणीबाणीत माझे वडील मिसाखाली आत होते. सुटायचं असेल तर लेखी हमी द्या, असे कागद तेव्हा फिरायचे. वडिलांच्या बराकीतल्या एका गृहस्थांनी सही केली आणि सुटले. वडील बाहेर आल्यावर पहिल्या दिवाळीला त्यांच्या घरी फराळ घेऊन गेले. आई चिडली. वडील म्हणाले, त्याचं पोर आजारी होतं, आणि त्याने स्वतःचीच मान वाकवली, दुसऱ्या कुणाची धरून दिली नाही. हेडनने दुसऱ्यांची धरून दिली. म्हणून माझ्या मनात त्या गृहस्थांना जागा आहे, हेडनला नाही.

जुनी रीळ

तुमच्या वडिलांना नमस्कार. पण मग पटकथाकार डाल्टन ट्रंबोचं काय करायचं? तो याच समितीला उत्तरं नाकारून तुरुंगात जाऊन आलेला, वर्षानुवर्षं टोपणनावांनी पटकथा लिहून पोट भरलेला माणूस. त्याने १९७० मध्ये लेखकांच्या सत्कार समारंभात सांगितलं, की त्या काळात नायक-खलनायक शोधू नका, सगळे बळीच होते. ज्याने सोसलं तो असं म्हणतो आणि आपण इथे बसून निवाडे देतोय.

निळकंठ

ट्रंबोसारखाच तुरुंगात गेलेला पटकथाकार आल्बर्ट माल्ट्झ याने त्याच विधानाला कडाडून विरोध केला होता, तेही सांगा ना. अर्धंच का सांगता?

अश्विनी_ठाणे

साक्षीवर तुमचं चालू द्या, मला वेगळंच खटकतं. एफबीआयने आपल्याला बजावलं होतं, सहकार्य केलं नाही तर मुलांचा ताबा विसर, असं हेडनने नंतर सांगितलंय. म्हणजे मुलांसाठी नावं दिली. ठीक. मग १९५९ मध्ये त्याच मुलांना घेऊन, घटस्फोटित बायकोचा विरोध आणि कोर्टाची मनाई धुडकावून तो ताहितीला निघून गेला, ते काय होतं? चार मुलं आणि एक जुनी शिडाची बोट. याला सगळेजण 'स्वातंत्र्याची ओढ' म्हणून हार घालतात. आईने केलं असतं तर काय म्हणाला असतात?

खारा वारा

अवांतर होतंय, तरी लिहितो. मॅडम, 'जुनी शिडाची बोट' म्हणून बाजूला सारू नका. पुस्तकासारखंच 'वाँडरर' नाव असलेली त्याची ही बोट जवळपास शंभर फुटी स्कूनर, म्हणजे अनेक डोलकाठ्यांची शिडाची बोट होती, सॅन फ्रान्सिस्कोच्या पायलट लोकांनी, म्हणजे जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्यांनी वापरलेली, भर समुद्रात जहाजांची वाट बघत उभी राहण्यासाठीच बांधलेली. आणि हेडन हा कुणी हौशी नट नव्हता. सोळाव्या वर्षी शाळा सोडून समुद्रावर गेला, अटलांटिकमधल्या ग्रँड बँक्सवर मासेमारी केली, बाविसाव्या वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्लॉस्टरहून ताहितीपर्यंत जहाज नेलं, तेही कप्तान म्हणून. सिनेमा त्यानंतरचा. पॅरामाउंटने पुढे 'पडद्यावरचा सर्वांत देखणा पुरुष' म्हणून जाहिरात केली तेव्हा तो मनाने डेकवरच होता. मुलं त्याच्या ताब्यात होती, हेही लक्षात घ्या.

मर्चंट नेव्हीत माझी उभी हयात गेली. घरी यायचो तेव्हा धाकटी मला बघून आईच्या मागे लपायची. ज्याला मुलांना बरोबर घेऊन जाता आलं त्याचा मला हेवा वाटतो, स्पष्ट सांगतो.

अश्विनी_ठाणे

हेवा तुमच्यापाशी ठेवा. ताबा असला म्हणजे कोर्टाचा हुकूम मोडायचा परवाना मिळत नाही. माझ्या मुलाला त्याचे वडील भेटीच्या दिवशी घेऊन गेले आणि ठरल्या वेळी आणलंच नाही. फोन बंद. 'मुलगा मजेत होता, एवढं काय?' हे मला नंतर ऐकवण्यात आलं. दाराशी बसलेल्या बाईला ती रात्र कशी जाते हे तुम्हाला शंभर फुटी स्कूनरवरून दिसणार नाही. पॅसिफिकच्या मध्यावर तर फोनही नव्हता.

खारा वारा

तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण तुमच्या नवऱ्याचा राग तुम्ही हेडनवर काढताय.

अश्विनी_ठाणे

आणि तुमच्या मुलीची ओढ तुम्ही त्याच्या बोटीवर चढवताय. एवढं बोललात म्हणून सांगते, मी 'वाँडरर' वाचलंय. सुरेख लिहिलंय, समुद्राची वर्णनं तर अप्रतिम. म्हणूनच जास्त राग येतो. चांगलं लिहिता येणाऱ्या माणसाची बाजू टिकते, त्या आईची कुठे टिकली?

खारा वारा

हा मुद्दा मात्र खोडता येत नाही. बोट सुरक्षित होती, यावर मी ठाम आहे. हुकूम मोडला, यावर तुम्ही बरोबर. यापुढे जाणार नाही मी.

जुनी रीळ

ताहितीसाठी वेगळा धागा काढा ही कळकळीची विनंती. मूळ आरोपातला 'ठोकळा' तसाच पडून आहे.

'द अस्फाल्ट जंगल' (१९५०) मधला डिक्स बघा. दिग्दर्शक ह्यूस्टनने त्याला शहरातला गुंड म्हणून उभा केला, पण हेडनच्या जडपणात केंटकीच्या कुरणातला, घोडे गमावलेला मुलगा दिसत राहतो. गोळी लागलेल्या अवस्थेत गाडी हाकत तो तिथवर पोचतो आणि घोड्यांच्या पायांशी कोसळतो. हालचाली कमी आहेत, म्हणून तर ते पडणं अंगावर येतं. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधला जनरल रिपर घ्या. पाण्यात फ्लोराइड घालणं हा कम्युनिस्टांचा कट आहे, असं पूर्ण गांभीर्याने सांगणारा माणूस. ज्या वेडाने त्याला स्वतःला वाकवलं तेच वेड १९६४ मध्ये त्याने पडद्यावर नागडं केलं. ठोकळ्याला हे जमत नाही.

मुळशीकर

रिपर छान आहे, वाद नाही. पण वेडाचंच बोलायचं तर 'जॉनी गिटार' आठवा. टर्की नावाच्या जखमी पोराला जमाव धरतो. व्हिएन्ना (चित्रपटाची नायिका) तुमच्यात होती असं सांग, तुला सोडतो, म्हणतात. पोरगा घाबरून सांगतो आणि तरीही त्याला फासावर चढवतात. जमावाच्या पुढाऱ्याच्या भूमिकेत वॉर्ड बाँड, खऱ्या आयुष्यातला कट्टर कम्युनिस्टविरोधक. आणि नायक कोण? तीन वर्षांपूर्वी नावं देऊन सुटलेला हेडन. पटकथेतला पोरगा नाव देऊनही मेला, नट नाव देऊन वर श्रेयनामावलीत झळकला. हे बघताना मला त्याच्या अभिनयाकडे लक्ष देता येत नाही.

निळकंठ

हा दाखला जबरदस्त आहे. माझ्या मते त्यानेही तो प्रसंग शूट होताना पाहिला असेल तर त्या रात्री झोपला नसेल.

मुळशीकर

झोपला नसेल. पोलोन्स्कीही झोपला नसेल, आणि त्याला सकाळी स्टुडिओतून बोलावणंही नव्हतं.

जुनी रीळ, तुमच्यासाठी एक देतो. दिग्दर्शक ऑल्टमनच्या 'द लाँग गुडबाय' (१९७३) मधला हेडनचा रॉजर वेड. दारूने पोखरलेला, गर्जना करणारा आणि आतून संपलेला लेखक. तिथे ठोकळा नाही, हे मान्य. तो शब्द मागे घेतो. 'चुगलखोर' तसाच राहील.