मॅक्रोत ‘.व्हॅल्यू’ लिहिणे सक्तीचे असावे का?

धागाकर्ता
एक्सेलच्या व्हीबीएमध्ये (मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून कामे आपोआप करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिण्याची भाषा) सेलमधला आकडा हवा असला तरी ‘.व्हॅल्यू’ लिहावे लागत नाही. रेंजची, म्हणजे एक किंवा अनेक सेल दर्शवणाऱ्या ऑब्जेक्टची, ती डीफॉल्ट प्रॉपर्टी (नाव न लिहिता आपोआप धरला जाणारा गुणधर्म) आहे असे गृहीत धरून काम चालते. ही सवलत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, रेंज प्रकारचे एक व्हेरिएबल बी२ या सेलवर सेट केलेले आहे आणि पुढे ते सी५ वर न्यायचे आहे. त्या ओळीत ‘सेट’ (व्हेरिएबलला ऑब्जेक्ट जोडून देणारा शब्द) राहून गेले, तर व्हेरिएबल जागचे हलत नाही आणि सी५ मधला आकडा मात्र मुकाट्याने बी२ मध्ये जाऊन बसतो. एरर येत नाही, आणि मॅक्रोने केलेला बदल अन्डूही होत नाही. व्हेरिएबल आधी कशावरच सेट नसते, तर निदान एरर ९१ (ऑब्जेक्ट सेट केलेला नाही) येऊन काम थांबले असते.

प्रतिसाद १ (विरोधी)
आपण दिलेले उदाहरण खरे आहे, पण त्यातून आपला निष्कर्ष निघत नाही. चूक ‘सेट’ विसरण्याची आहे; बाकी सगळीकडे निष्ठेने ‘.व्हॅल्यू’ लिहिले तरी ती ओळ तशीच चालेल. शिवाय शीटचे नाव कंसात देऊन आपण सगळेच ‘वर्कशीट्स’ या शीटांच्या संचातून शीट मिळवतो, तेव्हा ‘आयटम’ ही डीफॉल्ट प्रॉपर्टीच वापरत असतो. तिथे कोणाचीच तक्रार नसते.

धागाकर्ता
‘आयटम’ला आर्गुमेंट (कंसात द्यायचे नाव किंवा क्रमांक) लागते, त्यामुळे तिथे काय घडते आहे ते कंसावरून दिसते. व्हीबीएच्याच कुळातल्या, २००२ साली आलेल्या व्हीबी डॉट नेट या भाषेने नेमका हाच भेद केला: आर्गुमेंट घेणाऱ्या डीफॉल्ट प्रॉपर्टी ठेवल्या, बाकीच्या काढून टाकल्या. राहिला ‘सेट’चा मुद्दा. ‘.व्हॅल्यू’ लिहिण्याचा नियम सर्वांनी पाळला, तर ‘सेट’ही नाही आणि ‘.व्हॅल्यू’ही नाही अशी ओळ कोड तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरते. आज ती इतर शंभर ओळींसारखीच दिसते.

प्रतिसाद २ (धागाकर्त्याशी सहमत)
याहून फसवी जागा डिक्शनरीची, म्हणजे प्रत्येक नोंद एका ‘की’खाली (ओळखीच्या नावाखाली) ठेवणाऱ्या यादीची, आहे. ग्राहकनिहाय बेरजेसाठी की म्हणून नुसता सेल दिला, तर तिथे डीफॉल्ट प्रॉपर्टी लागूच होत नाही. डिक्शनरी की म्हणून ऑब्जेक्टही स्वीकारते, त्यामुळे सेलमधल्या नावाऐवजी रेंज हा ऑब्जेक्टच की होतो. एकच ग्राहक दहा ओळींत असेल तर दहा वेगळ्या नोंदी तयार होतात. इतरत्र ‘.व्हॅल्यू’ गाळूनही चालते म्हणून हाताला जी सवय लागते, तीच इथे गळ्याशी येते.

प्रतिसाद १ (विरोधी)
डिक्शनरीचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे मीही ‘.व्हॅल्यू’ लिहितो. पण त्यावरून सरसकट सक्ती करणे म्हणजे आजार बोटाला आणि पट्टी सर्वांगाला. वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेले मॅक्रो केवळ शैलीसाठी उघडून त्यांत शेकडो दुरुस्त्या करणे मला जास्त धोक्याचे वाटते. शिवाय ‘.व्हॅल्यू’ लिहिले म्हणजे विचार केला, असेही नाही. करन्सी फॉरमॅट असलेल्या सेलची ‘.व्हॅल्यू’ करन्सी प्रकारात येते आणि चार दशांश स्थळांपुढचे अंक गळतात, ‘.व्हॅल्यू२’ ही दुसरी प्रॉपर्टी वापरल्यास ते टिकतात. नियम करायचाच असेल, तर दोहोंपैकी काय लिहायचे ते त्यात आधी ठरले पाहिजे.

धागाकर्ता
ते ठरवायला माझी हरकत नाही, आणि जुन्या मॅक्रोंना हात लावू नये हेही मान्य. नव्या कोडमध्ये मात्र मी सूट देणार नाही.