लाकडावर नक्षी 'उतरवायची' की 'उठवायची'?

माजघर
एका हस्तकला-संचाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. किल्ल्या अडकवायची लाकडी पाटी आणि तिच्यासोबत कुयऱ्या छापलेला कागद. छापील बाजू खाली करून कागद फेव्हिकॉलने चिकटवायचा, हाताने दाबून बसवायचा, रात्रभर वाळू द्यायचा. मग ओल्या बोटांनी चोळून कागदाचा लगदा काढायचा, कुयऱ्या लाकडावर राहतात. चौथ्या पायरीत मी लिहिलं 'नक्षी उतरवा' आणि सहाव्या पायरीत 'कागद उतरवा'. लिहिताना काहीच खटकलं नाही. भावजयीला करून बघायला दिलं, तर तिने चौथ्या पायरीलाच सगळं खरवडून काढलं, कुयऱ्यांसकट. वर मलाच विचारते, "वन्सं, रंग उतरवतात तशी नक्षी उतरवायची ना?"
ज्यांचं काम आहे त्यांनी 'नक्षी हस्तांतरित करा' सुचवलंय. ते वाचलं की तलाठी डोळ्यांपुढे येतो. एक सरळ क्रियापद हवंय.

शुद्धलेखणी
'प्रत्यंकन करा'. अर्थ नेमका, घोटाळ्याला जागा नाही. नवा शब्द म्हटला की लोक आधी हसतातच. दिनांक आणि महापौरलाही हसले असतील, आज कोण हसतं?

रंधा
महापौर एकच असतो हो, आणि त्याच्या हातात फेव्हिकॉल नसतो. आमच्या दुकानातल्या पोराला 'प्रत्यंकन कर' म्हटलं तर तो चहा सांगायला जाईल. सुतारकामात फर्मा ठेवून आखतात. छापील काही असेल तर खाली कार्बन घालून गिरवतात. 'गिरवून घ्या' लिहा.

माजघर
पण यात गिरवणं नाहीच. पेन्सिल लागतच नाही.

टोनर
शब्द नंतर. प्रिंट लेझरची आहे का? इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, ओल्या बोटांनी चोळलीत की कुयऱ्यांचं सरबत. लेझरमध्ये शाई नसतेच, प्लॅस्टिकची भुकटी उष्णतेने कागदावर चिकटवलेली असते, म्हणून ती फेव्हिकॉल धरतो. इस्त्री फिरवूनही ती लाकडावर जाते. इंकजेटच असेल तर स्टिकर काढल्यावर उरतो त्या गुळगुळीत कागदावर छापा आणि शाई ओली असतानाच लाकडावर दाबा. आणि अक्षरं असतील तर उलटी छापा. मी बहिणीच्या घराची नावाची पाटी केली होती, ती अजून आरशात बघून वाचावी लागते.

चितारआळीकर
नक्षी उतरत नाही, उठते! आजी साड्यांवर भरतकाम करायची. बटर पेपरवरच्या नक्षीला सुईने बारीक बारीक भोकं पाडायची, कागद साडीवर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने वरून फिरवायची. गडद साडी असेल तर नीळेऐवजी पांढरी पूड. कागदाचा कोपरा उचलून आम्हाला विचारायची, "छापा उठला का गं?" लाकूड काय नि कापड काय. 'नक्षी उठवा' लिहा.

रंधा
लाकडात 'उठवलेली नक्षी' म्हणजे कोरून वर आलेली. गिऱ्हाईक पटाशी शोधत बसेल.

आडवाटसरू
आजींच्या त्या भोकांच्या कागदाला जुना शब्द आहे : खाका. लघुचित्रांच्या कारखान्यांत हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर चित्र गिरवून घेत, तो चरबा. त्याच्या रेषांवर भोकं पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत, खाली ठिपक्यांचं चित्र येई. असा भोकं पाडलेला चरबा म्हणजे खाका. फारसीत खाक म्हणजे धूळ. आपलं 'जळून खाक' तेच. आणि चरबा हा चरबीचा भाऊ. दिवाळीत उदबत्तीने कागदाला भोकं पाडून वरून रांगोळी पसरायचो, तोही खाकाच की.

शुद्धलेखणी
खाका हिंदीतून आलेला आहे. मराठीत आराखडा आहे. मराठी माणसाने खाका फक्त वर करायच्या असतात.

आडवाटसरू
त्या काखा. आणि आराखडा भुकटीने पाडून दाखवा, मग बोलू.

तळटीप
'उतरवणे'वर उगाच आळ घेताय. नक्कल करणे हा त्याचा चांगला मुरलेला अर्थ आहे. फळ्यावरचं वहीत उतरवतो, शेजारच्याचं पेपरात उतरवतो, सात-बाराचा तर उताराच असतो (तलाठी इथेही आलाच). गोम प्रत्ययात आहे. 'लाकडावर उतरवा' म्हणजे तिथे आणा, 'लाकडावरून उतरवा' म्हणजे काढून टाका. माजघरताईंनी चौथ्या पायरीत 'लाकडावर' गाळलं, भावजयीने 'वरून' धरलं. दोष शब्दाचा नाही, काटकसरीचा आहे.

चितारआळीकर
मग 'फलाटावर सामान उतरवा' आणि 'टपावरून सामान उतरवा' यात सामान कुठे जातं? एकाच ठिकाणी. तुमचा नियम एसटी स्टँडवर टिकत नाही.

तळटीप
उलट टिकतो. एकात पोचण्याची जागा आहे, दुसऱ्यात सुटण्याची. तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं झालं.

टोनर
अवांतर : उलट्या अक्षरांचं दुखणं जुनं आहे. शिळाप्रेसच्या दगडावर मजकूर उलटा लागतो. पण कागदावर सरळ लिहून तो दगडावर दाबला की आपोआप उलटा होतो आणि छापताना परत सुलटा. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग काढलं ते शिळाप्रेसवरच.

रंधा
मग दगडावर मजकूर घेण्याला ते काय म्हणायचे? ते सांगा, वाद मिटेल.

टोनर
ते मला माहीत नाही.

शुद्धलेखणी
प्रत्यंकन म्हणत असणार.

माजघर
पत्रक उद्या छपाईला जातंय. तळटीपांचं ऐकून चौथी पायरी 'कागद दाबून नक्षी लाकडावर उमटू द्या' अशी केली आणि सहावीत 'उतरवा'ऐवजी 'सोलून काढा'. भावजयीला पुन्हा वाचायला दिलं. म्हणते, "सोलायचं कसं? तो तर लगदा होतो. 'चोळून काढा' लिहा की." आता तेच लिहिलंय.

तळटीप
म्हणजे 'लाकडावर' घेतलंत, पण 'उतरवा' टाकलंत. माझा अर्धाच सल्ला ऐकलात.

सातारकर
सगळं वाचलं. पण 'किल्ल्या अडकवायची पाटी' का? आमच्याकडे कुलपाची ती किल्ली आणि घड्याळाची ती चावी, एवढं बरोबर आहे. पण पाटीवर लिहितात. ही फळी झाली.

चितारआळीकर
चावी कुलपाचीच. घड्याळाला किल्ली देतात.

रंधा
आणि फळी भिंतीत बसते, भिंतीवर नाही.