‘कंट्रोल्ड डिजिटल लेंडिंग’साठी ‘उसनवारी’ हा शब्द चालेल का?

‘कंट्रोल्ड डिजिटल लेंडिंग’ म्हणजे ग्रंथालयाने आपल्याकडील छापील पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत वाचकाला ठरावीक मुदतीसाठी वाचायला देणे. त्यासाठी सुचवलेल्या ‘नियंत्रित अंकीय उसनवारी’ या प्रतिशब्दातील ‘उसनवारी’ला माझा स्पष्ट विरोध आहे. उसने घेतलेले पैसे किंवा धान्य फेडताना तीच नाणी, तेच दाणे द्यावे लागत नाहीत. तेवढेच दिले की फिटते. ग्रंथालयातून नेलेली प्रत मात्र तीच परत यावी लागते, म्हणून तर तिच्यावर दाखल क्रमांक असतो. या व्यवहाराला ग्रंथालयात रुळलेला शब्द ‘देवघेव’ हा आहे. ‘अंकीय’पेक्षा ‘डिजिटल’ सर्वांना कळतो. म्हणून ‘नियंत्रित डिजिटल देवघेव’ असे म्हणावे.

खरी गफलत ‘नियंत्रित’ या शब्दाच्या अर्थात होते. पासवर्ड टाकल्यावर पुस्तक उघडते, एवढाच अर्थ पुष्कळजण घेतात, पण येथे नियंत्रण मुख्यतः संख्येवर असते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे एका ग्रंथाच्या दोन छापील प्रती असतील, तर छापील आणि स्कॅन केलेल्या मिळून एका वेळी दोनच प्रती वाचकांकडे असू शकतात. स्कॅन दिलेली छापील प्रत तोवर देवघेवीतून बाजूला राहते आणि तिसऱ्या वाचकाचे नाव प्रतीक्षायादीत जाते. मार्च २०२० मध्ये ग्रंथालये बंद झाल्यावर हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामाईक डिजिटल संग्रहाने सदस्य ग्रंथालयांसाठी अशीच आपत्कालीन सोय केली होती: त्या ग्रंथालयाकडे जितक्या छापील प्रती, तितक्याच वाचकांना एका वेळी प्रवेश, तोही ६० मिनिटांच्या मुदतीचा. त्याच महिन्यात, स्कॅन केलेली पुस्तके अशाच पद्धतीने देणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या ना-नफा डिजिटल ग्रंथालयाने आपली प्रतीक्षायादी तात्पुरती काढून टाकली. तेवढ्या काळापुरते त्या सेवेला ‘नियंत्रित’ म्हणता येत नाही.

‘देवघेव’ या शब्दावरही एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. चार प्रकाशकांनी इंटरनेट आर्काइव्हवर लावलेल्या दाव्यात त्यांचे म्हणणे हेच होते की स्कॅन करणे म्हणजे नवी प्रत काढणे, असलेली प्रत वाचायला देणे नव्हे. आणि अमेरिकेतील अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, संख्येचे बंधन पाळूनही, ‘उचित वापरा’चा (परवानगीशिवाय मर्यादित वापर करण्याच्या कायदेशीर मुभेचा) बचाव फेटाळला. तरीही संज्ञेचे भाषांतर करताना तिच्यात असलेला ‘लेंडिंग’चा दावा जसाच्या तसा मराठीत आणला पाहिजे, निकाल कोणाच्या बाजूने लागला, यावरून प्रतिशब्द ठरवता येणार नाही.

मात्र क्रियापद निवडताना जपावे. मुदत संपली की फाइल आपोआप बंद होते, वाचक काही आणून देत नाही. म्हणून तेथे ‘पुस्तक परत केले’ असे न लिहिता ‘मुदत संपली’ असेच लिहावे. वाचकाने मुदतीआधी स्वतःहून प्रत सोडली, तर ‘प्रत मोकळी केली’ हा प्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो.