न्यूयॉर्कची आग आणि कामगार कायदे

प्रश्न : आमचे पणजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत साचेवाले होते, त्यामुळे कामाच्या तासांचा विषय घरात नेहमी निघे. अमेरिकेत असे कायदे कशामुळे झाले?

उत्तर १ : कारणे अनेक आहेत, पण २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा जिन्याच्या एका दाराला कुलूप असल्याने नवव्या मजल्यावरच्या शिलाई कामगार मुली अडकल्या, एकूण १४६ जीव गेले, आणि त्यानंतरच राज्याने चौकशी आयोग नेमून अग्निसुरक्षेचे कायदे केले.

उत्तर २ : बालमजुरीचे घोडे मात्र अडले. १९१६ चा केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आपल्याकडेही १९११ च्याच कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळाली. (तीही केवढी!)