‘वार्फ’ म्हणजे धक्का, घाट की गोदाम?

जळगाव : शाळेच्या वार्षिक अंकासाठी लंडनवरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘कॅनरी वार्फ’पाशी अडकलो आहे. नाव तसेच ठेवता येईल, पण पुढच्याच वाक्यात जहाजे ‘वार्फला लागत’ असे आहे. मी ‘धक्का’ लिहिले, ते मुद्रिते तपासणाऱ्या भाच्याने खोडून ‘गोदाम’ केले. नदीकाठचे गोदाम अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘वार्फ’ झाला, असे तो सांगतो. हे खरे आहे का?

चोपडा : नाही. हा शब्द जुन्या इंग्रजीत हजारएक वर्षांपूर्वीही होता, आणि आद्याक्षरांतून शब्द पाडण्याची हौस त्या मानाने फारच अलीकडची. त्याचे जर्मन भावंड ‘वेर्फ्ट’, म्हणजे जहाजबांधणीची जागा. तिथे भाच्याने आपली अक्षरे जुळवून पाहावीत. ‘धक्का’च ठेवा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याचे इंग्रजी नाव ‘फेरी वार्फ’ आहे. फरक एवढाच, की वार्फ साधारणपणे काठालगत बांधलेला असतो आणि जेटी पाण्यात पुढे घुसते (तिचे मूळ ‘फेकणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदात आहे). मराठी धक्का दोघांनाही पोटात घेतो.

भुसावळ : संस्कृत ‘घट्ट’पासून आलेला ‘घाट’ घरात असताना ही धक्काबुक्की कशासाठी? परके शब्द टाळावेत, ‘बंदर’सुद्धा, तो फारसी आहे.

चाळीसगाव : ‘जहाज घाटाला लागले’ असे वाचून आमच्याकडच्या मुलांना कन्नडच्या घाटात बंद पडलेला ट्रक आठवेल.

नंदुरबार : लहानपणी आम्ही तापी नावेने ओलांडत असू, तेव्हा त्या जागी घाटही नव्हता आणि धक्काही नव्हता. नावेचे टोक चिखलात रुतले की नावाडी फळी टाकायचा, आणि सायकली खांद्यावर घेऊन माणसे तिच्यावरून उतरायची. त्या जागेला वेगळे नाव असल्याचे आठवत नाही. ‘नाव लागली’ एवढेच म्हणत.

भुसावळ : ‘लागणे’ अगदी योग्य. गाडीही फलाटाला लागतेच.

चोपडा : ‘फलाट’ हा ‘प्लॅटफॉर्म’चाच अवतार आहे, साहेब. तो चालतो, तर ‘वार्फ’ने काय घोडे मारले?

भुसावळ : फलाट आमच्या गावात तीन पिढ्यांपासून रुळला आहे. त्याला परका कसे म्हणता?