लेकीच्या कानात पाणी आहे का, कशी खात्री करावी? (बजेट १००० रु.)

तासगावकरीण: लेक साडेचार वर्षांची. पावसाळाभर सर्दी. हल्ली दोन-तीन हाका मारल्याशिवाय ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते. दुखत नाही, ताप नाही. इथले डॉक्टर बॅटरीने बघून म्हणाले, मळ नाही, पडद्यामागे पाणी असू शकतं. कोणती तपासणी करू? मिरजेपर्यंत जाऊ शकतो. ह्यांना मोबाइलला जोडायचा कानाचा कॅमेरा घ्यायचाय. कुणी वापरलाय?

पुणेरी_बाबा: सरळ पुण्याला या. आम्ही बेरा केली, म्हणजे झोपेत ऐकू येण्याची तपासणी, मुलाला झोपवून. हजारात काही होत नसतं, पोराच्या कानापुढे पैसे काय बघायचे!

आर्याची_आई: बेरा कशाला? टिंपॅनोमेट्री करा. कानात रबरी टोक बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात, पडदा किती हलतो त्याचा ग्राफ येतो. दुखत नाही, फक्त मूल रडायला नको. आमचा सपाट आला, टाइप बी. म्हणजे पाणी.

भडंगप्रेमी: लसणाचं कोमट तेल. आजीने सगळ्या नातवंडांच्या कानात घातलं, एकही बहिरं नाही.

आर्याची_आई: तेल पडद्याच्या अलीकडे राहतं हो. पलीकडच्या पाण्याला त्याचं काय?

भडंगप्रेमी: तुम्हाला आमच्या आजीपेक्षा जास्त कळतं वाटतं.

श्रवणबाई: मी ऑडिओलॉजिस्ट, ऐकू येण्याच्या तपासण्या करते. ग्राफ सपाट म्हणजे पाणीच, असं नाही. रिपोर्टवर कानाच्या नळीचं आकारमान असतं. ते नेहमीएवढं असेल तर बहुधा पाणी, खूप जास्त असेल तर पडद्याला भोक, फार कमी असेल तर मळ किंवा टोक नीट बसलेलं नाही. शिवाय ऐकू किती येतं ते यात कळत नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री. या वयाची मुलं आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, असं खेळत करतात. बेरा ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात विचारून बघा.

निवांत: +१ टिंपॅनो. आमच्या डॉक्टरांनी आधी रबरी फुगा जोडलेल्या दुर्बिणीतून हवा सोडून पडदा हलतो का बघितलं, तिथेच कळलं. त्याआधी एकाने अँटिबायोटिकचे कोर्स दिले होते, फुकट गेले. तीन महिने थांबलो, पाणी आपोआप गेलं.

पुणेरी_बाबा: तीन महिने मुलीला वर्गात काही ऐकू येणार नाही त्याचं काय? पुण्याला या.

श्रवणबाई: पूर्ण बहिरेपण नसतं, कानात बोळा घातल्यासारखं ऐकू येतं. बाईंना सांगून पुढच्या बाकावर बसवा. बोलणं मागे पडलेलं असेल, टाळू दुभंगलेली असेल किंवा डाउन सिंड्रोम असेल तर मात्र नुसतं थांबू नये.

आर्याची_आई: मी आधीच म्हटलं, टिंपॅनो.

तासगावकरीण: सगळ्यांचे आभार. बोलणं स्पष्ट आहे तिचं. ह्यांनी कॅमेरा कालच मागवला, सवलत होती म्हणे. आधी त्यातून बघू, मिरज दिवाळीनंतर.

श्रवणबाई: ताई, त्यात पडदा दिसेल, हलतो की नाही ते कळणार नाही. आणि मूल हललं तर पडद्याला लागेल.

तासगावकरीण: आला पण. ह्यांनी आधी स्वतःचा कान बघितला. मळच मळ.